हरणाच्या शिकारीसाठी .३०८ रायफल किती यार्डांवर झिरो करावी?

तुम्ही विचारलंय झिरो (म्हणजे नेम आणि गोळी एकाच बिंदूवर येतात ते अंतर) १०० यार्डांवर की २००, आणि शेवटी जोडलंय, "मित्र म्हणतो २५ यार्डांवर गोळी मधोमध आणली की २०० पर्यंत बघायलाच नको." मी लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळे. हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले आहेत.

हिशेब बघा. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) नळीच्या दीड इंच वर बसतो, त्यामुळे गोळी खालून वर येत नजरेची रेषा ओलांडते आणि कमान करून पुन्हा खाली उतरते. १५० ग्रेन वजनाची गोळी, वेग सेकंदाला २८२० फूट. ती २५ वर मधोमध लागली तर १०० वर पावणेतीन इंच वर असते आणि २०० वरही दीडेक इंच वरच. हृदय-फुफ्फुसांचा भाग आठ इंचांच्या ताटलीएवढा, म्हणजे वर चार इंच जागा आहे, म्हणून कागदावर हे खपून जातं. पण तुमचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पसारा) दोन इंचांचा असेल तर एखादी गोळी आणखी इंचभर वर जाणारच. शिवाय २५ वर पाव इंचाची चूक कोणाच्या डोळ्यात येते? गोळीचं भोकच त्याहून मोठं. तीच चूक १०० वर एक इंच होते, २०० वर दोन. त्यात हरीण लांब वाटलं की माणूस नकळत नेम वर धरतो. चुका अशा एकाच बाजूला साचतात. गोळी मणक्याच्या वरच्या काट्यांना चाटून जाते, हरीण जागेवर कोसळतं, तुम्ही खूश होता आणि मिनिटभरात ते उठून पसार. जमिनीवर पाठीचे राठ, काळपट केस आणि रक्त नावापुरतं.

२५ यार्ड हे फक्त गोळी कागदावर आणायला. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून नळीतून लक्ष्य मध्यात दिसेल अशी रायफल पिशव्यांवर बसवा, ती न हलवता स्कोपची फुली तिथे न्या, मग गोळी मारा. १०० चा झिरो हवा असेल तर इथे ती मध्यापासून पाऊण इंचाला थोडी कमी एवढी खाली लागली पाहिजे, २०० साठी पाव इंच खाली. स्कोपची घुंडी एका क्लिकला पाव मिनिट (म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच) नेम हलवत असेल तर एक इंच हलवायला २५ वर १६ क्लिक लागतात, १०० वर ४, २०० वर २. लोक २५ वर चारच क्लिक फिरवतात आणि स्कोप बिघडला म्हणून बोंब मारतात.

आता तुमचा प्रश्न. दाट झाडीत, जिथे ७५ यार्डांपलीकडे काही दिसतच नाही, तिथे १००. मग १५० वर गोळी दीड इंचाच्या आत खाली, २०० वर चारेक इंच. रान मोकळं असेल आणि २०० वरून सगळ्या गोळ्या सहा इंचांत बसत असतील, तर आणि तरच २००. तेव्हा १०० वर दोन इंच वर, २५० वर साडेतीन खाली, ३०० वर आठ-नऊ. ३०० चा विचार सोडाच. (.३०-३० या कमी वेगाच्या काडतूसवाल्यांनी २०० च्या नादी लागू नये, १०० वर चार इंच वर जाईल.)

झिरो पक्का करताना तीन-तीन गोळ्या मारा आणि ग्रुपच्या मध्यावरून क्लिक मोजा, एका भोकावरून नाही. नळी हाताला तापलेली लागली की थांबा. वाळूची पिशवी फोरएंडखाली (दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग), नळीखाली कधीच नको, मार सरकतो. २०० चा झिरो २०० वर जाऊनच तपासायचा. काडतूस बदललं की सगळं पुन्हा. दुसऱ्या दिवशी थंड नळीतून एकच गोळी मारा, कारण हरणावर जाते ती तसलीच असते.

हो, हे आकडे दीड इंच उंचीच्या स्कोपचे आहेत. मोठ्या भिंगाचा स्कोप उंच बसवला असेल तर २५ चे आकडे बदलतील. आणि ताशी १० मैलांचा आडवा वारा २०० वर गोळी तीनेक इंच ढकलतो, तिथे कुठलाच झिरो कामाचा नाही.

मित्राला १०० वर कागद लावायला सांगा. मध्यावर नेम धरून पाच गोळ्या मारू दे आणि भोकं किती वर पडली ते त्यालाच पट्टीने मोजू दे.