फिटच्या गोळ्यांमुळे इच्छा कमी होते का? टेस्टोस्टेरॉन तर नॉर्मल आलंय

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं कार्बामाझेपिन चालू आहे, लग्नाला आठ महिने झाले, इच्छाच होत नाही. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलं म्हणून डॉक्टर म्हणाले, 'मनाचं आहे'. मग गोळी बंद करून बघू का?

बंद करू नका. एकदम सोडली तर एकामागून एक फिट येत राहू शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. उरलेल्या प्रश्नाबद्दल मात्र सांगण्यासारखं बरंच आहे. मी डॉक्टर नाही, पण सोळाव्या वर्षी वर्गात पहिली फिट आली (कुणीतरी नाकाला चप्पल लावली होती, ते अजून आठवतं) तेव्हापासून आधी फेनिटॉइन आणि मग बरीच वर्षं कार्बामाझेपिन खाल्लंय.

घोळ 'नॉर्मल' या शब्दात आहे. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेलं असतं, शरीराला ते वापरता येत नाही. अगदी मोकळं असतं ते दोनेक टक्के. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन या गोळ्या यकृताला जास्त कामाला लावतात आणि एसएचबीजी वाढतं. म्हणजे पगाराच्या स्लिपवर ग्रॉस भरपूर, हातात पडतो तो कटून. तुमच्या रिपोर्टात बहुतेक ग्रॉसच छापलाय.

म्हणून सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) एकदमच तपासून घ्या. त्यावरून मोकळ्याचा हिशेब काढता येतो. लॅबवाले थेट 'फ्री टेस्टोस्टेरॉन' करून देतात, पण त्यातल्या साध्या पद्धतीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोनही बघतात. फक्त फिट आल्याच्या दिवशी प्रोलॅक्टिन करू नका, फिटनंतर ते काही वेळ आपोआप चढलेलं असतं.

सगळा दोष गोळीचाच असेल असंही नाही. टेम्पोरल लोबमधून, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून फिट येत असतील तर आजारच मेंदूतल्या हार्मोनच्या कारभारात ढवळाढवळ करतो. शिवाय उदासी. आणि भीती. ऐन वेळी बायकोसमोर फिट आली तर, या विचाराने मी कित्येक रात्री झोपेचं सोंग घेतलंय. ते गोळीच्या खात्यावर टाकता येणार नाही.

माझं एसएचबीजी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी आधी लेव्हेटिरासेटम सुरू केली. तिचा हार्मोनवर फारसा परिणाम होत नाही, पण माझी चिडचिड इतकी वाढली की बायको म्हणाली, 'आधीचा गप्प बसणारा बरा होता.' मग लॅमोट्रिजिन. ही अंगावर पुरळ येण्याच्या भीतीने आठवड्या-आठवड्याने हळूहळू चढवतात. चार महिन्यांनी फरक जाणवला. तुमच्या फिटच्या प्रकाराला काय चालेल ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या गोळीवर बदलायचं म्हणाले तर मुलाचा विचार आहे हे आधी सांगा. तिने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते, आणि वडील ती घेत असताना गर्भ राहिला तर मुलाच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता धरून युरोपात 2024 मध्ये पुरुषांसाठीही खबरदारीच्या सूचना निघाल्या. आणि जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका, त्याने शुक्राणू तयार होणंच थांबू शकतं. भिंतीवरच्या 'मर्दानी ताकद'वाल्यांबद्दल काय लिहू!

हे बोलायला मला दोन व्हिजिट फुकट घालवाव्या लागल्या. तिसऱ्या वेळी चिठ्ठीवर लिहून नेलं: इच्छा कधीपासून कमी झाली, सकाळी उठताना ताठरता येते का, शेवटची फिट कधी. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, वर न बघता तपासण्या लिहिल्या आणि म्हणाले, 'मागच्याच वेळी द्यायची होतीस की.'