आठवडाभर नॅरोबोट: शेजाऱ्यांना त्रास न देता

प्रश्न: मे महिन्यात आम्ही सहा जण, मुलं आणि सासू-सासरे धरून, इंग्लंड-वेल्समधल्या लँगोलन कालव्यावर आठवडाभर नॅरोबोट (राहण्याची सोय असलेली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतोय. आधी कधीच बोट चालवलेली नाही. चालवणं शिकवतात म्हणे, पण तिथे बरेच लोक बोटीतच राहतात असं ऐकलंय, तर त्यांना आपला त्रास होऊ नये म्हणून काय सांभाळायचं? आणि टॉयलेटचं काय असतं ते कोणी नीट सांगतच नाही.

उत्तर: सगळ्यात जास्त शिव्या कशाला पडतात तर बांधलेल्या बोटींजवळून जोरात जाण्याला. लिमिट ताशी 4 मैल, म्हणजे भरभर चालणारा माणूसच, पण काठाला बोटी दिसल्या की त्याच्याही निम्मं करा. बोट असते पंधरा-वीस टनांची, ती जाताना अरुंद कालव्यातलं पाणी ओढते आणि त्या पाण्याबरोबर बांधलेली बोटही खेचली जाते, दोर ताणतात, जमिनीत ठोकलेल्या खुंट्या उपटून येतात आणि आत कोणाचा तरी चहा ओट्यावरून खाली. लाट उठत नाही म्हणजे आपण हळूच आहोत असं समजू नका. थ्रॉटल बराच आधी कमी करा, कारण ब्रेक नावाचा प्रकार नाही, रिव्हर्स टाकूनच थांबायचं, आणि शेवटची बोट मागे पडेपर्यंत वाढवू नका. गळ टाकून बसलेल्यांजवळूनही असंच, पण कालव्याच्या मधोमध राहून, एकसारख्या वेगाने.

समोरून बोट आली की उजवीकडे व्हायचं (हो, तिथल्या रस्त्याच्याही उलटं), पण फार आधीपासून नको, काठाला पाणी उथळ असतं. लँगोलन गावाच्या आधी काही ठिकाणी एकच बोट मावते, तिथे सासऱ्यांना फोन देऊन पुढे चालत पाठवा, त्यांनाही काम.

लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. तिथे घाई करायचीच नाही. समोरून कोणी येत असेल आणि लॉक त्यांच्यासाठी तयार असेल तर त्यांना आधी जाऊ द्या, उगाच रिकामं केलंत तर लाखभर लिटर पाणी फुकट खाली गेलं. उतरताना वरच्या दाराखाली दगडी पायरीसारखा भाग असतो, त्याला सिल म्हणतात, बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं तर बोट लटकून बुडू शकते, म्हणून काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे राहा. विंडलास (लॉकची झडप उघडायचा हँडल) स्पिंडलवर, म्हणजे तो बसवायच्या दांड्यावर, तसाच सोडून गप्पा मारू नका, पॅडल म्हणजे ती झडप निसटली तर तो गरगर फिरून हात मोडेल. ग्रिंडली ब्रुकला लागून तीन लॉक जिन्यासारखे आहेत, तिथे सीझनमध्ये लॉक-कीपर असतो, तो सांगेल तसंच करा.

मुक्कामाला लॉकजवळ, पुलाखाली, वळणावर किंवा पाण्याच्या नळापाशी बांधू नका. आजूबाजूला बोटी असतील तर रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन बंद, म्हणजे गरम पाणी, चार्जिंग सगळं त्याआधी उरका.

आता टॉयलेट. भाड्याच्या बोटीत बहुतेक टाकी असते, ती पंपाने उपसतात आणि आठवडाभर पुरते. कॅसेट, म्हणजे काढून नेता येणारी छोटी टाकी, असेल तर फक्त एल्सन पॉइंटवरच (ती रिकामी करायची ठरलेली जागा) रिकामी करायची, झुडपात अजिबात नाही. सिंकचं पाणी मात्र थेट कालव्यात जातं, तेव्हा तळणीचं तेल त्यात ओतू नका. आणि नळावर टाकी भरायला पाइप लावून बाजारात जाऊ नका, मागे कोणीतरी वाट बघत असतं.

प्रश्न: त्याच कालव्यावरचा तो उंच पूल मुलांसोबत सेफ आहे का?

उत्तर: पोंतकसिल्टे म्हणताय, लोखंडी पन्हळीतून कालवाच दरीपलीकडे नेणारा पूल, 1805चा, दरीपासून साधारण 38 मीटर उंच. सेफ आहे, पण कठडा फक्त चालायच्या बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हळीची कड आणि मग थेट खाली दरी. मुलं केबिनमध्ये, टपावर कोणीही नाही, आणि समोरून आधीच बोट आली असेल तर तुम्ही अलीकडेच थांबायचं, कारण पुलावर दोन बोटी शेजारी-शेजारी मावतच नाहीत.