टिबुकली नव्हे, लून!

प्रश्न : लेकीकडे मिनेसोटाला गेले होते. पहाटे तळ्यावर कुणीतरी रडल्यासारखा आवाज आला. पाहते तर काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढरे चौकोनी ठिपके. बुडी मारली नि पार पलीकडे निघाला! पवईला दिसते ती टिबुकलीच का ही? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : काकू, डोळा आणि पाठ नेमकी टिपलीत, माझं काम सोपं झालं. हा कॉमन लून, 1961पासून मिनेसोटाचा राज्यपक्षी. टिबुकली जेमतेम 200 ग्रॅमची, हा चांगला चारेक किलोंचा. लूनची बरीच हाडं भरीव, म्हणून बुडी सहज जमते. पाय अगदी मागे, शेपटीपाशी. पाण्यात झकास वल्ही, जमिनीवर मात्र फरफट. उडायलाही पाण्यावर लांबवर धावावं लागतं. तुम्ही ऐकलंत ते रडणं म्हणजे दूरच्या जोडीदाराला साद. वेडसर हसल्यासारखा थरथरता आवाज आला तर समजा, होडी फार जवळ गेलीय, मागे फिरा.

पवईत तो दिसायचा नाही. पण पिल्लांना पाठीवर बसवून फिरवायची हौस टिबुकलीलाही आहे. पावसाळ्यात काठच्या गवताकडे नजर ठेवा. दुर्बीण लेकीकडे विसरला नाहीत ना?