स्थानिक स्वराज्य संस्था बळकट केल्या आणि लोकसहभाग वाढवला, तर शाश्वत विकास खरंच होतो का? त्यात सामान्य माणसानं नेमकं करायचं काय?

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात, एका नदीकाठच्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. गावात आम्हाला नुसतं 'ऑपरेटर' म्हणतात. दाखले काढायचे, जन्म-मृत्यूच्या नोंदी करायच्या, घरपट्टीच्या पावत्या द्यायच्या आणि वर्षातून एकदा गावाचा विकास आराखडा ऑनलाइन भरायचा, अशी माझी कामं. गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथंच नोकरी करायचीय. मानधन किती महिन्यांचं थकलंय तेही विचारू नका.

थोडक्यात सांगायचं तर शाश्वत विकास होतो, पण लोक वेळेवर आले तर. आमच्याकडं लोक येतात, हजारोंनी येतात, फक्त काम होऊन गेल्यावर येतात.

कोल्हापूरकराला सहभाग शिकवायला जाऊ नये. टोलच्या विरोधात शहरानं काही वर्षं रान उठवलं आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला. घरच्या बायका, वकील, तालमीची पोरं, सगळे रस्त्यावर होते. मला अभिमानच आहे त्याचा. पण रस्ते बांधून टोल घ्यायचा तो करार होत होता तेव्हा तो वाचायला किती जण गेले होते? नदीचंही तेच. केंदाळानं (जलपर्णीनं) पात्र भरलं, मासे मरून वर आले, की पंचगंगेच्या नावानं निवेदनं जातात. ज्या दिवशी एखाद्या गावाचं सांडपाणी ओढ्यात सोडायचं कागदावर ठरतं, त्या दिवशी त्या खोलीत चार माणसं असतात. त्यातला एक मी.

आराखडा कसा होतो ते सांगतो. कागदावर पद्धत फार सुंदर आहे. २०१५-१६ पासून आपल्या राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' चालू आहे. शिवारफेरी काढायची, वस्तीवस्तीत बसायचं, महिलांची वेगळी सभा घ्यायची, गरजा लिहायच्या, मग ग्रामसभेत क्रम लावून मंजुरी घ्यायची. आता त्यात शाश्वत विकासाची ध्येयंही आली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेली १७ ध्येयं पंचायतींसाठी ९ विषयांत बसवलीत: गरिबीमुक्त गाव, जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव वगैरे. पंचायतीनं त्यातला संकल्प निवडायचा असतो. आम्ही एका वर्षी 'बालस्नेही' निवडलं. का, तर शेजारच्या गावानं तेच निवडलं होतं आणि त्यांचा नमुना तयार मिळाला.

प्रत्यक्षात काय होतं? पंचायत समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, 'आज सायंकाळी पाचपर्यंत शंभर टक्के पूर्ण करावे.' भाऊसाहेबांकडं (म्हणजे ग्रामसेवक, २०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच) दुसऱ्या गावाचाही चार्ज. ते फोनवरूनच सांगतात, "गेल्या वर्षीचंच घे, रस्त्यांची नावं तेवढी बदल." मी बदलतो. एकदा तर मजकुरातलं सालसुद्धा बदलायचं राहिलं. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वर्षभर कुणी ते उघडलंच नाही.

तुम्ही म्हणाल, ग्रामसभा असते की. असते. वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात, आणि सरपंचानं विनाकारण टाळल्या तर त्याचं पद जाऊ शकतं, इतका कायदा कडक आहे. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. अडीच-तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमवणं अवघड नाही. लग्नाला, जेवणावळीला सहज जमतात. सभेला चाळीस येतात. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या सभेला पंचवीस जणांत गावाचं वर्षाचं ठरतं. राहिलेल्या सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं. मीही फिरवलंय, खोटं कशाला बोलू.

या ठिकाणी एक गोष्ट समजून घ्या, निम्मी भांडणं मिटतील. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा निधी दोन प्रकारचा असतो, बंधित (कशावर खर्चायचा ते वरूनच ठरलेला) आणि अबंधित (तसं न ठरलेला). पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित होता. त्यातला निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर, म्हणजे कचरा-सांडपाण्यावर खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, आणि तोसुद्धा पगाराला वापरायचा नाही. ग्रामसभेत जोरजोरात चर्चा कशावर होते? सांस्कृतिक हॉल, कमान, देवळापुढचे पेव्हर ब्लॉक. तिकडं ६० टक्के पैशाचं काय करायचं यावर कुणी तोंड उघडत नाही. तो पैसा मुकाट्यानं गटारात जातो. शब्दशः गटारात, कारण गटर बांधणं सगळ्यात सोपं. मीटरमध्ये मोजता येतं, बिल निघतं.

आता आमच्या गटराची गोष्ट. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. त्या दिवशी अकरा बायका आल्या होत्या, त्यातल्या सात एकाच बचत गटाच्या. भाऊसाहेबांनी मला कामांची यादी वाचायला लावली. मी वाचतोय, "वॉर्ड क्रमांक तीन, बंदिस्त गटर बांधणे, दोनशे मीटर." मागं खांबाला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "सुरू कुठनं हुतंय ते वाचलंस. संपतंय कुठं?"

मी भाऊसाहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "ओढ्याला."

"आन् ओढा?"

"नदीला, मावशी. आणि कुठं जाणार?"

"आन् आमच्या नळाला पाणी कुठनं येतं?"

आमची जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) ओढा नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला आहे. गावातल्या पोराटोरांनाही ते माहीत. पण पाणीपुरवठा एका फायलीत आणि गटर दुसऱ्या फायलीत, त्यामुळं दोन्ही एका वाक्यात कुणी आणलं नव्हतं. बायका हसल्या, भाऊसाहेबही हसले, आणि मग कुणालाच हसू येईना.

मला विचाराल तर शाश्वत विकासाची यापेक्षा चांगली व्याख्या मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेली नाही. आणि प्रशिक्षणं मी बरीच केलीत, जेवणासकट.

पुढं काय झालं ते एकदम गोड नाही. मावशींनी नुसतं विचारून सोडलं नाही, महिला सभेच्या इतिवृत्तात ठराव लिहून घेतला: गटराच्या टोकाला सांडपाण्याची सोय झाल्याशिवाय काम करू नये. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, इतिवृत्तात आलेलं पुढच्या सभेत वाचावं लागतं. सरपंच वैतागले. गटराच्या निम्म्या घरांना त्यांनी शब्द दिलेला होता. अभियंत्यानं आधी शोषखड्ड्याचं इस्टिमेट दिलं, कारण त्याचा छापील नमुना असतो. तेव्हा एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "साहेब, ही काळी रानं. पावसाळ्यात दोन फुटावर पाणी लागतंय. खड्डा काय पिणार?" कागदावर शोषखड्डा बसत होता, जमिनीत बसत नव्हता. शेवटी गटर दोनशेचं एकशे वीस मीटर झालं आणि वाचलेल्या पैशात टोकाला जाळी, गाळ बसायची टाकी आणि तिच्यापुढं सांडपाणी निवळायला कर्दळीचा वाफा असं ठरलं. ऐंशी मीटरमधली घरं अजून मावशींशी नीट बोलत नाहीत. कर्दळ मात्र चांगली फोफावलीय.

त्याच वर्षी, बहुतेक त्याच हुरूपात, दुसरं एक काम आराखड्यात शिरलं. आम्ही पूरवाले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ झालं की धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत गावाला वेढा पडला तेव्हा चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण जॅकवेलच्या मोटारीचा पॅनेल बोर्डच बुडाला. दोन्ही वेळा तोच बोर्ड, त्याच उंचीवर. पहिल्या पुरानंतर दुरुस्त करून पुन्हा तिथंच बसवला होता! तो उंच ओट्यावर न्यायचं काम बंधित निधीतून सहज बसतं, पाण्याचंच काम आहे. दोन वर्षं कुणी लिहिलं नाही एवढंच.

मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल कर्दळ लावली की नदी निवळली. वरच्या अंगाला शहर आहे, साखर कारखाने आहेत, खाली इचलकरंजी. आमचं सोडलेलं पाणी पुढच्याच्या पुढ्यात जातं. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली तेव्हा माणसं गेली. एक ग्रामपंचायत त्यात काय करणार? घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, १९९३ पासून. त्यातले किती विषय माणसं, पैसा आणि अधिकार यांच्यासकट खाली आले, हे कुठल्याही सरपंचाला विचारा. आणि वरची पायरीच जाग्यावर नसेल तर? कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. जिल्हा परिषदेतही मार्च २०२२ नंतर तेच. प्रशासक वाईट असतो असं नाही, काही फार चांगलं काम करतात. पण नगरसेवकाला चहाच्या टपरीवर गाठून चार शब्द सुनावता येतात. प्रशासकाला भेटायला चिठ्ठी द्यावी लागते.

पण ग्रामसभेत दम नाही असं कुणी म्हणालं की मी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं नाव घेतो. मे २०२२ मध्ये त्या गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. म्हणजे गावानं आधी आणि मुंबईनं मागून. शहरातसुद्धा गणेशमूर्ती पंचगंगेऐवजी इराणी खणीत (पाणी साठलेल्या जुन्या खाणीत) जायला लागल्या त्या नुसत्या आदेशानं नाहीत. मूर्तिदान करा म्हणून घाटावर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांनी, शिव्या खाऊन, ती सवय लावली.

आता तुम्ही काय करायचं. ई-ग्रामस्वराज ही पंचायतींची सरकारी वेबसाइट उघडा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, आपल्या गावाचा आराखडा बघा. त्याला पासवर्ड लागत नाही. कोणती कामं धरली, कशावर किती पैसे निघाले, सगळं दिसतं. 'मेरी पंचायत' अ‍ॅपवरही दिसतं. सगळं वाचू नका, कंटाळाल. एकच काम निवडा, तुमच्या घराजवळचं, आणि जागेवर जाऊन बघा. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात, आराखडा भरायच्या आधी, एक ओळीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. जानेवारीत येऊन आरडाओरडा केला तर मी तुम्हाला चहा पाजीन, पण यादी तोवर वर गेलेली असते. घरातल्या बाईला महिला सभेला पाठवा, आणि घरी बसून तिच्या वतीनं बोलू नका. पंचायतीत ५० टक्के जागा महिलांच्या आहेत, तरी कितीतरी ठिकाणी 'सरपंचपती' खुर्ची ओढून बसतात.

आणि घरपट्टी भरा हो. लोकांना हे आवडत नाही, पण संस्था बळकट करायची म्हणजे आधी तिचा स्वतःचा गल्ला भरायचा. वित्त आयोगाचा पैसा वरून अटी घेऊन येतो. घरपट्टीसारख्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणाला आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढले की उरलेल्याचं काय करायचं ते गाव ठरवतं. पाच-पाच वर्षांची थकबाकी ठेवून ग्रामसभेत "पंचायत काय करते?" विचारणारे आमच्याकडं आहेत. त्यांची नावं माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरात असतात, आणि मी गप्प बसतो.

कर्दळीचा वाफा अजून आहे. जाळीत मात्र रोज काहीतरी अडकतं, प्लास्टिक, भुईमुगाची फोलपटं. परवा एक चप्पल अडकून पाणी रस्त्यावर आलं. ती काढायची कुणी, शिपायानं की वॉर्डातल्या लोकांनी, यावर मासिक सभेत वीस मिनिटं चर्चा झाली. मावशी दारातून ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं की चप्पल त्यांनी सकाळीच काढलीय, आता जाळी रोज साफ करायचं काम कुणाचं ते लिहून घ्या. लिहून घेतलंय.