वडील खचलेत आणि घरात बंदूक आहे

"बंदुकीचा विषय काढला तर नको तो विचार त्यांच्या डोक्यात शिरेल का हो?" कुडाळकडच्या एका गावातून आलेल्या मुलाने विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरात बंदूक असो की फवारणीचं औषध, घरचे नेमके इथेच अडतात.

आई गेल्यापासून अण्णांचं जेवण तुटलं होतं, झोप उडाली होती. "आता कशाक जगाचा" असं ते बोलूनही गेले होते. आणि आतल्या खोलीत शेतीसंरक्षण परवान्यावरची बारा बोअरची बंदूक. काजू-नारळाच्या बागेत माकडं उतरतात म्हणून घेतलेली.

विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं. मी अण्णांना सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" हातातली टोपी ते बराच वेळ चाळवत राहिले. मग म्हणाले, "वाटता कधी कधी."

बंदुकीवर मात्र ते उसळले. "ती गेली तर माझा काय रवला? लोक काय म्हणतले?" बागेची राखण करणारा माणूस ही त्यांची गावातली ओळख होती, ती मला मोडायची नव्हती. "अण्णा, निवडणूक लागली की काय करता?" "पोलिसात जमा करतंव." "मग आताही तसंच करू. बरं वाटेपर्यंत."

मुलाची शंका वेगळी होती: ज्याला करायचंच आहे तो दुसरा मार्ग काढेलच ना? हा समज घरोघरी आहे आणि तो जीव घेतो. टोकाची ऊर्मी बहुतेकदा थोडाच वेळ टिकते, आणि बंदूक हातात आली तर माणूस क्वचितच वाचतो. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना बंदुका तळावरच ठेवायला लावल्या. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. इतर दिवशी त्या वाढल्याही नाहीत.

परवाना अण्णांच्या नावावर, त्यामुळे मुलाने बंदूक परस्पर उचलून नेणं योग्य नव्हतं. ठाण्यात आधी विचारलं, ती रिकामी असल्याची दोघांनी मिळून खात्री केली, काडतुसं वेगळी बांधली आणि परवाना घेऊन त्याच दिवशी दोघे गेले. मी घाईच केली, मध्ये एक रात्रही जाऊ द्यायची नव्हती. पावती अण्णांनी स्वतःच्या खिशात ठेवली. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं सुरू झाली, रात्री सोबतीला कोणीतरी झोपू लागलं.

परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा अण्णा बरेच सावरले होते. बंदूक परत आणावी का, असं मुलाने विचारलं. "नको. नातू आता धावूक लागलो," ते म्हणाले आणि परवाना परत करायचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला.

तुमच्या घरी आज रात्रीच ही धास्ती असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.