नादारीच्या अर्जाआधी जामीनदाराच्या घरी जाऊन या

तुम्ही लिहिलंत की बोटीच्या कर्जाचे हप्ते थकलेत, पतसंस्थेचे आणि बर्फ-डिझेलवाल्यांचे धरून बारा लाख होतात. वकील नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करा म्हणतात, पण तुरुंग, घर, मुलं आणि वाडीतले लोक या विचारांनी झोप लागत नाही.

मी वकील नाही. चिपळूणच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि सगळा माल चिखलात गेला. पुढे वर्षभर एकाचं घेऊन दुसऱ्याला देत राहिलो, आणि शेवटी रत्नागिरीला जिल्हा न्यायालयात अर्ज केला. तेव्हा हीच भीती मलाही होती.

तुरुंगाचं आधी सांगतो. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. कोर्टाचा वसुलीचा हुकूमनामा झाला तरी पैसे असून देत नाही, मालमत्ता लपवली, पळून जायच्या बेतात आहे, असं काही दिसल्याशिवाय कोर्ट आत टाकत नाही. निव्वळ गरिबीपायी कुणाला कैद करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केलंय. मात्र कुणाला चेक दिले असतील तर वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. न वटलेल्या चेकचा खटला फौजदारी असतो, तो नादारीने थांबत नाही. सरकारी देणंही सुटत नाही.

नेटवर २०१६ च्या नव्या कायद्याचं वाचून गोंधळू नका. कंपन्यांचे जामीनदार सोडले तर सामान्य माणसाच्या कर्जाचा त्यातला भाग अजून लागू झालेला नाही. आपल्याकडे १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. इतका जुना की ५०० रुपयांचं देणं असलं तरी अर्ज करता येतो.

घराचं थोडं नीट समजून घ्या. बोट बँकेकडे तारण असेल तर बँक ती विकू शकते, तेवढी मनाची तयारी ठेवा. विकूनही जे कर्ज उरेल ते बाकीच्या देण्यांसारखंच नादारीत येतं. गावच्या घराच्या उताऱ्यावर चुलत्यांची, भावांची दहा नावं असतील, तर फक्त तुमचा हिस्सा रिसीव्हरकडे, म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, जातो, त्यांचा नाही. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, बायकोचं मंगळसूत्र याला जप्तीत हात लागत नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीलाही नाही. कुणी सांगेल की कलमांची बाग आधी बायकोच्या नावावर करून टाका. करू नका. अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं, आणि तुमच्या प्रामाणिकपणावर डाग पडतो तो वेगळाच.

मुलांवर कर्ज चढत नाही. बापाचं देणं मुलाने धर्म म्हणून फेडायचं हा जुना नियम ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना लागू नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तरी मुलांना जे वारशाने मिळेल तेवढ्यापुरतीच वसुली होते.

आता ज्याची तुम्हाला भीती वाटायला हवी, पण प्रश्नात ज्याचा शब्दही नाही, तो तुमचा जामीनदार. पतसंस्थेच्या कर्जाला कुणीतरी सही केली असेलच. नादारीत कोर्टाने देण्यांतून तुमची मुक्तता केली तरी तो सुटत नाही. माझा जामीनदार मामेभाऊ होता, शाळेत शिक्षक. मी लाजेने त्याला काहीच बोललो नाही. त्याला कळलं ते पतसंस्थेचा सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला निघून पगारातून कपात सुरू झाली तेव्हा. त्या वर्षी गणपतीला तो आमच्याकडे आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. दुकान गेल्याचं दुःख मला आता फारसं होत नाही, या गोष्टीचं रोज होतं. मी आधी गेलो असतो तर त्याने माझ्याबरोबर पतसंस्थेत बसून हप्ते बांधून घेतले असते, असं तो नंतर स्वतःच म्हणाला. आता महिन्याला जमेल तेवढं मी त्याच्या हातात देतो. म्हणून सांगतो, अर्जावर सही करायच्या आधी त्या माणसाच्या घरी जा. फोन नको, समोर बसून सांगा. फक्त त्याला वाचवायला पतसंस्थेचेच पैसे गुपचूप भरू नका. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला असं झुकतं माप दिलं तर तेही रद्द होऊ शकतं.

वाडीतले लोक बोलतात. पहिले दोन-तीन महिने मी मासळी बाजारातून खाली मान घालून जायचो. मग मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने मला बाजूला घेऊन अर्ज कसा केला ते विचारलं, आणि कळलं की कितीजण हेच ओझं गपचूप वाहतायत.

नादार ठरल्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणी नवा दावा लावू शकत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. मत देता येतं, पण मुक्तता होईपर्यंत ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. ५० रुपये किंवा जास्त उधार घेताना समोरच्याला मी नादार आहे हे सांगावंच लागतं, नाहीतर शिक्षा होते. वाण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने वहीत नाव लिहिलं आणि तांदूळ दिले. आणि मुक्ततेचा अर्ज करायला कोर्ट जी मुदत देतं ती चुकवू नका, नाहीतर सगळं रद्द होऊन पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, फोन १५१००. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बोट किनाऱ्यावरच असेल. बिलं, पासबुकं, नोटिसा या दिवसांत एका पिशवीत जमवा, आणि जामीनदाराकडे जाताना ती बरोबर न्या.