जाहीरनामा आईचा, पोटदुखी लेकीची

शाळेत मॉक इलेक्शन, म्हणजे सरावापुरती निवडणूक, जाहीर झालं की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे एकदोन पालकांचे फोन हमखास येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो, मॅडम, मूल उभं राहिलंय, हरलं तर खचेल का हो, आम्ही भाषण-बिषण नीट लिहून देऊ का, की सरळ नाव मागे घ्यायला लावू? यावर फोनवर दोन वाक्यांत काही सांगता येत नाही म्हणून एका मुलीची गोष्ट इथे सांगते. तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी आठवीतली. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं, डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मतदानाला नऊ दिवस होते. बाबांचं म्हणणं होतं की खोटीखोटी निवडणूक आहे, एवढा त्रास होतोय तर सोडून दे. आईला ते पटत नव्हतं, तिने पर्समधून एक फोल्डर काढला, त्यात लेकीचा जाहीरनामा, दोन पानं टाइप केलेला, 14 मुद्दे. डिजिटल लायब्ररी, प्रत्येक मजल्यावर वॉटर प्युरिफायर, शनिवारी गृहपाठ बंद, खेळाचे तास दुप्पट, असं बरंच. ऑफिस करून दोन रात्री जागून आईने ते लिहिलं होतं आणि त्यामागची माया मला दिसत होती, त्यामुळे पुढे जे सांगतेय ते त्या आईला दोष द्यायला नाही हे आधी सांगून ठेवते.

पहिल्या भेटीत मी याला सरळ स्टेजची भीती समजले. सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, भाषण आधी एका माणसासमोर मग तिघांसमोर म्हणून बघ असं सांगितलं. एरवी याचा उपयोग होतो, इथे झाला नाही. चार दिवसांनी आली ती तशीच, पोटाला हात लावून. तेव्हा मी ते फोल्डर तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, यातला कुठला मुद्दा तुला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल? तिने दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, एकही नाही ताई. आणि मग, कुणी विचारलं ना की हे कसं करणार, तर मला उत्तरच येत नाही.

दुखणं इथे होतं. पाठ केलेलं विसरेन ही भीती वेगळी आणि आपण जे बोलतोय ते आपलं नाहीये हे उघडं पडेल ही भीती वेगळी, दुसरीवर श्वासाचा व्यायाम चालत नाही. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेली गोष्ट आम्ही लोक रोज वापरतो, की 'मला हे जमेल' असा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः काहीतरी करून पाहिल्यावर, दुसऱ्याने 'तुला जमेल गं' म्हटल्याने येतो पण कमी. घरात तिला दिवसातून दहा वेळा जमेल जमेल म्हणत होते आणि करून बघायला तिच्या हातात काहीच ठेवलं नव्हतं.

मग मी फोल्डर बाजूला केलं, म्हटलं निवडणूक विसर, शाळेत तुला काय खुपतं ते सांग. बराच वेळ ती ओढणीचं टोक गुंडाळत बसली. आधी म्हणाली पाण्याचे नळ उंच आहेत, लहान मुलांचा हात पोचत नाही आणि मोठी मुलं मध्ये घुसतात. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, टीचर म्हणतात ना आपापले गट करा, ते मला नाही आवडत. का, विचारलं. तर म्हणाली, मी उरते. प्रत्येक वेळी मी आणि अजून दोघंतिघं उरतो आणि मग टीचर म्हणतात हिला कुणीतरी घ्या रे.

हे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी लगेच 'मग हाच मुद्दा घे' असं म्हटलं नाही, कारण हे बोललं की वर्गाला कळणार की हिचंच दुखणं आहे. निर्णय तिचा होता. मी फक्त म्हटलं की तुझ्यासारखी अजून कितीजणं उरतात ते बघून ये, मग ठरवू. ती वही घेऊन दोन दिवस मधल्या सुट्टीत फिरली, 22 जणांशी बोलली, त्यातल्या नऊ जणांनी सांगितलं की गट करायच्या वेळी त्यांनाही धडधडतं, आणि त्यातली दोन मुलं तर वर्गात सगळ्यांच्या आवडीची. हे तिला खरंच वाटेना. त्या दोन दिवसांत पोटदुखी पूर्ण थांबली असं नाही पण सकाळी शाळेत जायला ती रडली नाही.

मग आम्ही दोघींनी बसून प्रत्येक मुद्द्याला चार प्रश्न लावले. त्रास नक्की कुणाला होतो, हे बदलायचा अधिकार कुणाकडे आहे, किती पैसे लागतील, आणि झालं की नाही हे महिन्याभराने कसं कळणार. शनिवारचा गृहपाठ दुसऱ्या प्रश्नाला पडला, कारण विद्यार्थी प्रतिनिधीच्या हातात ते नसतंच. डिजिटल लायब्ररी तिसऱ्याला पडली. गटांसाठी चिठ्ठ्या टाकणं चारही प्रश्नांतून पार झालं, वर्गशिक्षक ठरवू शकतात, खर्च शून्य, आणि महिन्याभरात किती वेळा चिठ्ठ्या निघाल्या ते मोजता येतं. नळांसाठी तिने मागितली उभं राहायला एक पक्की पायरी आणि लहान वर्गांना पाच मिनिटं आधी सुट्टी. 14 मुद्द्यांचे दोन झाले. समोरचा मुलगा खेळाचे तास वाढवणार म्हणत होता आणि त्याला टाळ्या पडत होत्या, तिलाही ते घ्यावंसं वाटलं, मी विचारलं, मग कुठल्या विषयाचा तास काढणार? ती म्हणाली नको मग.

आईला समजावणं जास्त नाजूक होतं. त्यांना वाटलं मी त्यांची मेहनत फुकट घालवली. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, ती मी त्यांना कागदावर काढून दाखवली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, त्यात मुलं समोर उभी असतात पण शब्द आणि हेतू मोठ्यांचे असतात. आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, मी तिला विचारलंच नाही हो की तुला काय बदलायचंय. मी त्यांना एकच काम दिलं, भाषण ऐका आणि फक्त जिथे कळलं नाही तिथे थांबवून विचारा, शब्द सुचवू नका. हे पालकांना फार जड जातं, मला माहितीये.

हरण्याबद्दलही आम्ही आधीच बोललो, उमेदवारांशी हे निकालाच्या आधी बोलायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. आकडे मांडले. चार उमेदवार आणि 160 मतं असतील तर 41 मतांवरही कुणी जिंकू शकतं, म्हणजे जिंकणाऱ्यालाही 119 जणांनी मत दिलेलं नसतं, त्या 119 जणांना तो आवडत नाही असा अर्थ होतो का? ती हसली. आणि दुसरं, मैत्रिणीला 'तू कुणाला दिलंस' हे विचारायचं नाही. गुप्त मतदान ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात 1856 मध्ये आलं ते याचसाठी की मत देणाऱ्यावर कुणाचा दाब राहू नये, मग तो दाब मैत्रीचा का असेना. हीच सूचना मी आईबाबांनाही दिली कारण घरी गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, तुझ्या बेस्ट फ्रेंडने तरी दिलं ना मत? कृपा करून हे विचारू नका, त्या एका प्रश्नाने निकालापेक्षा जास्त लागतं.

भाषणात तिने 'मी उरते' म्हटलं नाही, 'आपल्यातली काही मुलं उरतात' म्हटलं. तेवढं झाकणं तिचं तिने ठरवलं आणि मला ते बरोबर वाटलं. एकाने विचारलंच, चिठ्ठीत न पटणारा पार्टनर आला तर? ती म्हणाली एका प्रोजेक्टपुरतंच असतं ना, पुढच्या वेळी परत चिठ्ठ्या.

ती हरली. तिसरी आली. त्या संध्याकाळी खूप रडली, आईने फोन केला, मी म्हटलं रडू दे, शेजारी बसा, 'जाऊ दे खोटीच होती' एवढं मात्र म्हणू नका. दोन दिवस ती गप्प होती, नंतर जेवायला-खेळायला लागली. पोटदुखी त्या महिन्यात पुन्हा एकदाच आली, परीक्षेच्या दिवशी.

पुढच्या भेटीत तिने सांगितलं की वर्गशिक्षकांनी स्वतःहून दोन वेळा चिठ्ठ्या काढल्या आणि तिसऱ्या वेळी विसरले, म्हणाले चला आपापले गट करा. सगळे उठायला लागले. मग? मी विचारलं. ती म्हणाली, मी हात वर केला ताई, म्हटलं सर, चिठ्ठ्या राहिल्या.